जिना सोडा

शुक्रवार, १४ तारीख, दुपार

ताई,

नमस्कार. दाजींनाही. छोटीचं हत्तीचं चित्र पोचलं. तो हत्ती नसून मामा आहे, हे खाली लिहिलं होतं म्हणून कळलं.

मंगळवारी सकाळी, पहिला चहा यायच्या आधी, माझ्या पडद्यावरच्या यादीतून एक नाव गेलं. जे काही बदललं ते तेव्हा. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी पानंच्या पानं हवापाण्यावर भरीन.

तुझे फोन घेतले नाहीत म्हणून रागावू नकोस. फोनवर मी भांडतो. तू "जेवलास का" विचारलंस तरी भांडतो. सध्या तेवढंही अंगात नाही, म्हणून कागद.

तब्येत ठीक. जेवतो. खोलीवरचा नळ गळतोय, मालकिणीला सांगायचंय, सांगत नाही. एरवी मी आतापर्यंत तिच्याशी भांडून दुसरी खोली बघत फिरलो असतो. तू म्हणायचीस ना, तडतड्या, तुझं डोकं म्हणजे चुलीवर विसरलेला तवा. तवा गार आहे. हात लावून बघितला, गारच आहे.

नोकरीचं विचारलं होतंस. ठीक चाललंय असं लिहिणार होतो. तसं नाही.

कॉलेज अर्ध्यात टाकलेल्या माझ्यासारख्याला साहेबांनी ठेवून घेतलं ते तुझ्या शब्दावर. इमारतींचे नकाशे काढणारं ऑफिस, आणि सगळे नकाशे एका सर्व्हरवर, चहाच्या ओट्यामागच्या थंडगार खोलीत. निम्मी माणसं आता घरून काम करतात. पूर्वी ती नकाशे मेलवर, पेनड्राइव्हवर, वाटेल तसे न्यायची. मग एका बँकेच्या तिजोरीच्या खोलीचा नकाशा कुणाच्या तरी पुतण्याच्या लॅपटॉपवर सापडला आणि साहेबांना घाम फुटला. तेव्हा ही सोय मी केली. प्रत्येकाची स्वतःची किल्ली, म्हणजे त्याच्याच मशीनमध्ये बसवलेली एक फाईल. वर पासवर्ड, त्याच्यावर फोनवर येणारा आकडा. सगळं जुळलं की घरातून थेट ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत एक बंद वाट उघडते. जाते इंटरनेटवरूनच, पण मधल्या कुणाला आत काय चाललंय ते दिसत नाही. लोक तिला भुयार म्हणायला लागले आणि मी झालो भुयारवाले. आमचे म्हातारे ड्राफ्ट्समन काका घरून काम करायचे त्या दिवशी फोनवर ओरडायचे, "भुयारवाले, आमच्याकडे दरड कोसळली!" म्हणजे पासवर्ड विसरले.

आणि इंचपट्टी.

नाव लिहीत नाही. ऑफिसात तिला इंचपट्टीच म्हणतात, कारण ती चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवते. तिची आई आजारी पडली, ती गावी गेली आणि तिथून भुयारातून काम करायला लागली. माझ्याकडे उरलं ते यादीतलं तिचं नाव. आत कोण आलंय ते मला दिसतं. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला की माझा दिवस सुरू.

एवढ्यावर भागायला हवं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. एखादा नकाशा एकाने उघडला की तो त्याच्या हातात. बाकीच्यांना नुसता बघता येतो, त्यात काही बदलून ठेवता येत नाही. मग ज्याने धरलाय त्याला फोन करायचा, सोड म्हणून. दिवसभर हेच कानावर पडतं. "काका, गच्ची सोडा." "अरे, संडास कुणी धरलाय इतका वेळ?"

ती एका शाळेचा जिना काढत होती. मी सकाळी तिच्या आधी तो जिना उघडून बसायला लागलो. करायचो काहीच नाही. नुसता धरून बसायचो. मग फोन यायचा.

"भुयारवाले, जिना सोडा."

"सोडला. जेवलीस?"

"एवढ्या सकाळी?"

"नाश्ता म्हणायचं होतं."

"म्हणायचं एक, विचारायचं भलतंच. ठेवते."

एवढंच. ताई, मी यावर जगत होतो. हसू नकोस. किंवा हस.

एके दिवशी जिना धरला आणि साहेबांशी माझं वाजलं. सर्व्हरच्या खोलीतला एसी बिघडला होता आणि ते दुरुस्ती पुढे ढकलत होते. मी आवाज चढवला, फोन टेबलावरच टाकला आणि दार आपटून बाहेर पडलो. कॉलेज सुटलं तेव्हा आपटलेल्या प्राचार्यांच्या दाराला काच होती, साहेबांच्या नव्हती, एवढाच फरक. संध्याकाळपर्यंत परतलो नाही. जिना माझ्या मशीनवर उघडाच.

नेमकी त्या दुपारी तिला बदललेली मापं ठेकेदाराकडे पाठवायची होती. तिने मला फोन केले, पुन्हा पुन्हा केले. शेवटी तिने सुधारलेल्या नकाशाची वेगळ्या नावाने प्रत ठेवली आणि ठेकेदाराला तीच पाठवा, असं ऑफिसात असलेल्या काकांना कळवलं. काकांनी सवयीने नेहमीच्या नावाचा उचलला आणि पाठवला. जुना. काँक्रीट पडलं. जिन्याची शेवटची पायरी वरच्या मजल्याच्या वीतभर खाली थांबली. सगळा जिना फोडावा लागला.

साहेबांचा नियम आहे, एका कामाचा एकच नकाशा, दुसरी प्रत करायची नाही.

मंगळवारी ते माझ्या टेबलाशी आले. "इंचपट्टीला काढलं. तिची किल्ली बंद कर."

"का?"

"दुसरी प्रत केली. का केलीस विचारलं, तर म्हणते माझी चूक. दुसरं काही बोलायलाच तयार नाही."

मला कारण माहीत होतं. एसीवरून दारं आपटणारा मी, गप्प बसलो. हात आपोआप चालला. ठिपका विझला, मग नाव गेलं.

"झालं?"

"झालं."

चहा आला. प्यायलो.

थोड्या वेळाने तिचा फोन. जिन्यासाठी नव्हता.

"बंद केलंस?"

"हो. जिना मी धरला होता, हे सांगितलं का नाहीस?"

"का धरला होतास तेही सांगावं लागलं असतं. साहेबांच्या केबिनमध्ये, काकांसमोर. मला नको होतं."

"तुला माहीत होतं?"

"रोज उघडायचास आणि एक रेघ हलायची नाही. एवढंही कळणार नाही मला?" मागे तिची आई खोकत होती. "मलाही आवडायचा रे तो फोन. पण मी काम करत होते. तू माझं काम धरून बसायचास."

ठेवला तिने.

त्यानंतर ऑफिसात गेलो, आलो. कुणी काही बोललं तर हो म्हणालो. आज सकाळी मात्र साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. आवाज चढला नाही.

"म्हणजे तुझ्या प्रेमापायी माझा जिना फुटला?"

"हो."

"हो काय हो! अरे, निदान भांड तरी!"

नाही भांडलो. त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला. तुझी चूक नव्हती, म्हणाले. काकांनाही बोलावून तेच सांगितलं. परत ये, म्हणाले. विचार करून सांगते, म्हणाली. फोन ठेवून साहेब म्हणाले, "तिची नवीन किल्ली बनव. मग तुझी बंद कर."

बनवली, पाठवली. काकांना यादी कशी बघायची ते शिकवलं. मग माझं नाव. मशीन विचारतं, नक्की? नक्की. पडदा कोरा झाला, त्याबरोबर यादीही गेली. ती परत आली का, ठिपका लागला का, हे बघायची किल्ली आता माझ्याकडे नाही. काका बाहेरच बसलेत. विचारता येईल. विचारणार नाही.

बाबांना तू काही सांगू नकोस. मी सांगेन. ते ओरडतील, तेव्हा ऐकून घेईन.

हे त्या थंड खोलीत, स्टुलावर बसून लिहितोय. एसी दुरुस्त झालाय. या खोलीचं दार आपटून लागत नाही, उलट उघडतं आणि गारवा बाहेर जातो. दोन्ही हातांनी सावकाश ओढून घ्यावं लागतं. हे मीच सगळ्यांना ओरडून शिकवलंय. आता उठतो, बाहेर जातो, आणि लावून घेतो.

तुझाच,
तडतड्या