पहिला दुपट्टा कोणाच्या खांद्यावर

मास्तर, आपल्या मैदानावरचं जाळं मी विणलं होतं. सुती दोरीचं, प्रत्येक घर चार बोटांचं, सरकेल अशी एक गाठ नाही. सागाचे दोन्ही खांब मी रंधले, चामड्याचा चेंडू उसवला की मीच शिवायचो, आणि गुण दाखवायच्या फळीवरचे आकडेसुद्धा माझ्याच हातचे. यातलं काही मला कोणी शिकवलं नाही, तुम्हीही नाही. तुम्ही व्हॉलीबॉल शिकवला, तेवढं मानतो. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आपण मध्यप्रदेशात राहणार असं ठरलं, त्या वर्षी हे सगळं वाया जायची वेळ आली होती. पांढुर्ण्याचा आपला संघ सौंसरच्या सामन्यांत लागोपाठ दोनदा शेवटचा आला होता. तिसऱ्यांदा आला असता तर नावच कटलं असतं, आणि कप्तान मी होतो.

तिथली रीत तुम्हीच बसवलेली. ज्या गावांना आपला संघ नाही तिथले गडी, तिगावचे, बोरगावचे, सामन्यांआधी रांगेत उभे राहत, आणि कप्तान पाळीपाळीनं एकेकाच्या खांद्यावर आपला दुपट्टा टाकत. जो संघ शेवटचा, त्याचा दुपट्टा पहिला. एकदा टाकला की परत घ्यायचा नाही. त्या वर्षी रांगेत पाहण्यासारखे दोघंच. एक बोरगावचा उंचापुरा, उडी मारून चेंडू असा हाणायचा की पलीकडची माती उडायची. दुसरा तिगावचा, किडकिडीत, तुमच्या बहिणीचा मुलगा. तो स्वतः क्वचितच मारायचा. दुसऱ्यांना मारता यावा म्हणून चेंडू जाळ्याजवळ उचलून द्यायचा, ज्याला आपण बूस्टर म्हणायचो.

तुमच्या ओट्यावरची ती दुपार मला अजून दिसते. तुम्ही संत्रं सोलताय, फोडीवरची एकेक शीर काढताय.

"मारनारे तुह्याजवळ चार हायेत," तुम्ही म्हणता. "त्यायले चेंडू देते कोन? तू? तुह्या हातातून तं तो हिरीत पडल्यावानी जाते."

"आन् तो एकटा आजारी पडला तं? सारा संघ एकाच्या बोटायवर टांगू?"

"मंग साही जनं मारत बसा. मागच्या साली तेच तं केलं."

"मास्तर, तो तुमचा भाचा हाय."

तुमचा हात थांबला. "म्हून काय त्याले खेळता येत नाही?" एवढंच म्हणालात. मला संत्र्याची फोड दिली नाहीत, हेही लक्षात आहे.

माझा संशय साधा होता. भाचा सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून. कचेरीतल्या लोकांना विचारणं चालू होतं, कोण इकडे राहतो, कोण नागपूरकडे जातो. त्याला विचारलं की नुसता हसायचा, "अजून ठरलं नाही, दादा." ते हसू मला कधीच पटलं नाही; हा जाणारच, असं वाटायचं. वाटलं, पोरगा इथंच गुंतावा म्हणून तुम्ही माझा दुपट्टा दावणीसारखा वापरून राहिलात. आणि मोहगावचा कप्तान, संत्र्यांचा व्यापारी, चहाच्या टपरीवर बोरगाववाल्याचे गोडवे गायचा: "घ्या बाप्पा तुम्हीच, आमची पाळी कुठं येते!" ज्याला माल हवा तो मालाची अशी तारीफ करतो का? पण तुमच्यावरही भरवसा बसत नव्हता.

मी रांगेसमोर उभा आहे. बोरगाववाला छाती काढून, खांदा आधीच पुढे करून. तुमचा भाचा पायाच्या अंगठ्यानं चुन्याची रेघ पुसतोय, आणि ती रेघ मी सकाळीच मारलेली! तरी दुपट्टा त्याच्याच खांद्यावर टाकला. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तरचा चेला, दुसरं काय करन बे!" तुम्ही चष्मा पुसत होता.

चार संघांत आपण तिसरे आलो. नाव राहिलं. भाचा उन्हाळ्यात नागपूरला गेलाच, म्हणजे तेवढा माझा संशय खरा होता. आणि तुम्ही शेवटपर्यंत येईल त्याला सांगत राहिलात, "याच्याजवळ चार मारनारे होते, तरी यानं माह्या शब्दावर बूस्टर घेतला." मी शेजारी बसून ऐकायचो आणि चहा प्यायचो.

आता तुम्हीच नाही, हा कागद कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून बिनधास्त लिहून टाकतो. निवडीच्या आदल्या दिवशी मोहगावचा तो व्यापारी माझ्या कामाच्या जागी आला. "बोरगाववाल्यावर टाक दुपट्टा," म्हणाला. "मास्तरच्या भाच्याले आमच्यासाठी राहू दे." मी रंधा चालवत राहिलो आणि नाही म्हणालो. तो गेला तेव्हा माझी खात्री पटली होती. मास्तर, तुमच्या शब्दावर ती पटली नव्हती. त्या भाच्यासाठी तो मला दीडशे रुपये देत होता.