कच्चा घेवडा

ता. कोरेगाव, जि. सातारा
८ डिसेंबर १९७४

प्रिय दादा,

खोटं बोलणारा माणूस वाईट नसेल तर त्याला काय म्हणायचं? तू घरी असतास तर नमस्कार करायच्या आधी हेच विचारलं असतं. मला उत्तर येत नाही. माझ्या शेतकी पदवीच्या कागदाला आईने हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवलाय, पण त्यातही ते नाही.

आता नमस्कार घे. तुझं पत्र पोचलं. जालंधरची थंडी वाचून आईने लगेच डिंकाचे लाडू केले. पार्सल फोडताना पलटणीतल्या सुभेदारसाहेबांना जवळ उभं करू नकोस, नाहीतर तुला डिंक तेवढा राहील. काळी गाय व्याली, कालवड झाली. आबांचा गुडघा दुखतो, पण संध्याकाळी तालमीत जायचं सोडत नाहीत. पोरांना डाव शिकवताना गुडघा दुखत नाही म्हणे. मी दिवाळीला आत्याकडे इस्लामपूरला गेले होते. तिने साखर कारखान्यातला एक मुलगा दाखवला. मुलगा तोंडातून अक्षर काढेना. त्याच्या वडिलांनी विचारलं, "पोरी, सैपाकाचं काय काय येतं?" मी म्हटलं, कोंबड्यांचं खाद्य चांगलं करते. आत्या अजून माझ्याशी बोलत नाही.

कोंबड्यांचंच लिहायला बसले आहे. तू गेल्यानंतर सोसायटीने ओढ्यापलीकडे शेड बांधली आणि मांसाच्या कोंबड्या आणल्या, ब्रॉयलर म्हणतात त्या. आबा चेअरमन, लालासाहेब सेक्रेटरी. पिलं आठ-दहा आठवड्यांत विकायला तयार व्हायला हवीत, म्हणून खाद्य कसदार लागतं. त्यासाठी शेंगदाण्याची पेंड घालायची. पण दुष्काळापासून पेंड धड मिळत नाही, मिळते तिला बुरशी असते. म्हणून मी सुचवलं, आपला घेवडा घालू. कोरेगावच्या बाजारात फुटका, पावसाने डागाळलेला घेवडा व्यापारी बाजूला सारतात. ते दाणेही कडधान्यच, अंगी मांस धरायला चांगले. अट एकच होती. रात्रभर भिजवायचा, पाणी टाकून द्यायचं, दाणा बोटाने चिरडेपर्यंत उकळायचा आणि वाळवून मग दळायचा. कच्च्या घेवड्यात असं काही असतं की पिलाच्या पोटात अन्न अंगी लागूच देत नाही, आतडीही बिघडवतं. कॉलेजात शिकले होते. आणि कॉलेज कशाला, कच्चा घेवडा आपण तरी कधी खातो का?

हे काम तानुबाईकडे होतं. तुला आठवते ना? बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली म्हणून आटपाडीकडून मुलासुनेला घेऊन आली होती. आबांनी तिला गोठ्याशेजारची खोली दिली. तेव्हा सगळा गाव नको म्हणत होता. आबा म्हणाले होते, "माझ्या गोठ्यात कोण ऱ्हायचं ते मी ठरवीन." हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वाचताना तू ते विसरू नयेस. मीही विसरू नये.

पहिली खेप झकास झाली. कोंबड्या अशा वजनदार झाल्या की सोसायटीतले केरबाअण्णा म्हणाले, "ह्या उडत न्हाईत, पैलवानावानी बसूनच दम खात्यात." दुसऱ्या खेपेला सुरुवात झाली आणि मी इस्लामपूरला गेले.

परत आले तर शेडमध्ये पाय टाकवेना. खालचा भुसा ओला, वास उग्र. पिलं पंख पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात गोळा झालेली. या वयाला हातात धरल्यावर जड लागायला हवीत, ती मूठभर हाडं लागत होती. मेलेली पुरायला मागे खड्डाच काढला होता. मी धावत चुलाणाकडे गेले. घेवडा उकळायचं मोठं चुलाण थंडगार, आणि आतल्या राखेत मांजरीने पिलं घातलेली! किती दिवस जाळ झाला नव्हता ते आणखी कुणी सांगायला नको होतं.

"तानुबाई, घेवडा उकळला नाहीत?"

ती खाली बघून म्हणाली, "मला इचारू नगा, ताई."

"मग कुणाला विचारू?"

"ज्येंचं मीठ खाल्लं त्येंचं नाव मी घेनार न्हाई."

तू ओळखलं असशील. मी नव्हतं ओळखलं, किंवा ओळखायचं नव्हतं. घरी येऊन आबांनाच विचारलं, हे कुणी सांगितलं म्हणून. त्यांनी लपवलंसुद्धा नाही. उलट खुशीत म्हणाले, "मी सांगितलं. शिजवलं की कस जातो, माला. तालमीत पोरांस्नी भिजवल्यालं हरभरं देतो, ते काय शिजवून देतो व्हय? शिजवून दिलं असतं तर एकानं तरी गदा आणली असती का? मी म्हणलं, कोंबड्यास्नी बी कच्चंच घाला. दुप्पट वाढत्याल."

हरभरा आणि घेवडा यांतला फरक मी समजावून सांगितला. पिलांची पोटं सांगितली. ते ऐकत राहिले. मग पानावरून उठले. त्यांना पटलं होतं, दादा. चेहरा बघून मला कळलं. इथपर्यंत माझा त्यांच्यावर अजिबात राग नव्हता. चुकले, एवढंच. कुणीही चुकतं.

राग पुढच्याचा आहे.

सोसायटीची बैठक भरली. लालासाहेब उठून म्हणाले, ही खाद्याची भानगड नाही, शेडमध्ये विटाळ झालाय. तानुबाईने पाळलं नाही. तानुबाई दाराशी उभी होती. ती फटकन म्हणाली, "आवं, मला कसला ईटाळ आता? नातू कंबरंला लागतोय माझ्या!" माणसं हसली. लालासाहेब नाही हसले. म्हणाले, "मग सुनंचा आसंल. भाकरी घिऊन येतीया की शेडवर." म्हणजे दोष आधी ठरला, बाई मागून शोधली!

मी आबांकडे बघितलं. त्यांनी फक्त म्हणायचं होतं, कच्चा घेवडा मी घालायला लावला. ते उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, "तसंच काय तरी आसंल."

ठराव झाला. घेवडा बंद. तानुबाईचं काम बंद. आणि यापुढे शेडवर येणाऱ्या बायांनी आपले चार दिवस सेक्रेटरीला कळवायचे. कळवायचे म्हणजे कसे? पोस्टाने? ज्या गावात बायका ही गोष्ट नवऱ्यालाही शब्दाने सांगत नाहीत, 'कावळा शिवला' म्हणून गप्प बसतात, त्या गावात लालासाहेबांना कळवायचे! एवढ्या माणसांत एकालाही हसू आलं नाही की लाज वाटली नाही.

तेव्हापासून आडावर बायका तानुबाईला घागर लांब ठेवायला लावतात. सुनेला तर कुणी अंगणात उभं करत नाही. खुरपणीला दोघींना बोलावणं नाही. मुलगा म्हणतोय, आटपाडीला परत जाऊ. तिथे काय आहे? वाळलेलं कुसळ. माझ्या घेवड्यापायी, माझ्या बापाच्या एका वाक्यापायी दोन बायकांवर गाव सोडायची पाळी आली आणि मी घरात बसून तूप लावून भाकरी खायची?

आबांना मी एकटीने गाठलं. म्हटलं, अजून सांगा. ते म्हणाले, "तालमीतली पोरं माझ्या पाया पडत्यात, माला. वस्तादानं येड्यावानी कोंबड्या मारल्या म्हणत्याल. तानूचं काय, ती कुठं गावची हाय? वरीसभरात लोक इसरत्याल."

"ती गोठ्यात आली तेव्हा तुम्हीच गावाशी भांडलात, आबा."

"तवा माझं काय जात नव्हतं."

दादा, हे बोलून तेच दचकले. पण बोलणं परत घेतलं नाही.

आई म्हणते, बापाची अब्रू ती आपली अब्रू, चूल फुंक आणि गप्प बस. मला शाळेत घालायला आईचा विरोध होता आणि आबा भांडले, हे तिनेच मला दहादा सांगितलंय. आता तीच म्हणते, "ह्यासाठी शिकवलं व्हय तुला?" मी म्हटलं, हो.

काल पुन्हा बैठक होती, शेडवर नवा गडी ठेवायला. शेडपुढच्या पटांगणातच बसले होते सगळे. मी गेले. बाईमाणूस असून मधे उभी राहिले. मी आबांकडे न बघता बोलले, नाहीतर बोलताच आलं नसतं. घेवडा कच्चा घातला म्हणून पिलं मेली, तो उकळू नका असा हुकूम चेअरमननी दिला होता, म्हणजे माझ्या वडिलांनी. तानुबाईने आणि तिच्या सुनेने काही केलेलं नाही.

लालासाहेब म्हणाले, "पुस्तक बोलतंय हे. ईटाळाचं काय ते सांग."

आता इथून पुढचं बहिणीने भावाला लिहायचं नसतं. सकाळपासून इथेच अडले होते. पण पटांगणात म्हणू शकले तर तुला का नाही? मी म्हटलं, पहिल्या खेपेच्या वेळी दर महिन्याला त्या दिवसांत मीच शेडमध्ये जात होते. कोंबड्या झकास झाल्या, तुम्ही त्या विकल्या. आजही माझे ते दिवस आहेत. कुणाला कळवायचं असेल तर हे कळवलं.

केरबाअण्णा तेवढे पुटपुटले, "आयला, पोरगी हाय का बंदूक!" बाकी कुणी वर बघेना. आबा उठले, काठी घेतली आणि मळ्याकडे चालू लागले. गुडघा फार दुखत असावा. मला त्यांच्यामागे जावंसं वाटलं. गेले नाही.

ते रात्री जेवले नाहीत. सकाळी माझ्याशी बोलले नाहीत. तू त्यांना पत्र लिहिशील तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस, त्यांच्या गुडघ्याची चौकशी कर. आणि माझ्यावर रागावणार असशील तर मला लिही, आईला नको.

पटांगणातून मी तशीच तानुबाईच्या खोलीवर गेले होते. गाठोडं बांधून झालं होतं. मी ते सोडलं, तिला आणि सुनेला हाताला धरून सगळ्यांच्या देखत शेडमध्ये आणलं. मांजरीची पिलं टोपलीत हलवून चुलाण पेटवलं, मी आदल्या रात्रीच भिजत घातलेला घेवडा चढवला. दाणा बोटाने चिरडेपर्यंत तिघी जाळापाशी बसून होतो.

नाथाजी वस्तादांची मुलगी आणि तुझी बहीण,
माला