शिवाला इचारल्याबिगर

शिवा भावजी,

थोरल्या वहिनीचा आशीर्वाद. जमिनीची वाटणी झाली तवापासून तुमी आमचा उंबरा चढला नाय. तरी माझ्या परेशकडं निरोप धाडलात, "दादाला माझी किडनी द्या." ऐकून पदर तोंडात कोंबून रडले.

पण भावजी, यांना किडनी नको हाय. पनवेलचे डॉक्टर बोलले, हाडांच्या आतल्या मगजात कॅन्सर हाय, मायलोमा. त्यानंच किडन्या तुंबल्यात, नवी घातली तर तीपण तुंबेल. किडनीला झेपेल असं इंजेक्शन हाय, सोबत डायलिसिस. नायतर घरी ठेवायचं नि नुसतं दुखणं कमी करायचं. बोलले, लवकर ठरवा, उशीर परवडायचा नाय.

हे ठरवतच नायत. म्हणतात, "शिवाला इचारल्याबिगर मी मिठागरात खाडीचं पाणीपण कधी घेतलं नाय."

मी बोलले, भावजींना खरं कळवते. तर माझा हात धरला. "नको. किडनी लागत नाय कळलं तर तो येयाचा नाय."

म्हणून हे पत्र चुलीत घालते. परेशला सांगते, काकाला फोन कर, किडनी लागतेय म्हण.

वाट बघतेय,
सोनावहिनी