रानपिंगळ्याचं कोरं डोकं

चाचा, तुमची मोठी लेन्स अजूनही चाचींच्या जुन्या हिरव्या ओढणीतच गुंडाळलेली असते, पण गाठ आता तुमचा भाचा मारतो. ढिली मारतो. तो चहा सांगायला गेला की मी ती सोडून पुन्हा घट्ट बांधतो, आणि बांधताना दर वेळी एकच प्रश्न मनात येतो: त्यालाच का? नववीत शाळा सोडून तळोद्याच्या तुमच्या स्टुडिओत आलो तो मी. लग्नाच्या अल्बमवरची नावं मी लिहायचो, कारण माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. लग्नसराई संपली की पक्ष्यांचे फोटो काढायला तुम्ही सातपुड्यात निघायचात, तेव्हा मोटारसायकलवर तुमच्यामागे बसून ती लेन्स मांडीवर बाळासारखी धरायचो तोही मीच. आणि चिंचपाड्याला दवाखान्यात, शेवटी शेवटी, तुम्ही ती दिलीत सुरतेहून नुकत्याच स्टुडिओत कामाला आलेल्या भाच्याच्या हातात. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला तुमची पाण्याची बाटली धरून उभा होतो.

मला मिळालं ते रागावणं. एका नवरदेवाचा चेहरा मी कॉम्प्युटरवर इतका साफ केला होता, की तुम्ही मागून येऊन माऊसवरचा माझा हातच धरलात. "हनुवटीवरना तीळ कोठे गया रे?" मी म्हटलं, काळा डाग होता, बरा दिसत नव्हता. अजून ऐकू येतं मला. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली आहेत, तुमच्या शर्टाला विडीचा वास आहे, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता आहात, "फुटकुळी आज शे, उद्या नही. ती पुस. तीळ त्याना सोताना शे. तो पुसशी ते त्यानी मायले काय दखाडशी?" नेमकी नवरदेवाची आईच बाकावर होती. ती वाकून पडद्याकडे बघते आणि म्हणते, "मन्हाच पोऱ्या शे ना हाऊ?" सगळे हसतात. माझे कान तापलेले, मी मूळ फोटो उघडून तीळ जागेवर आणतो. तुमच्या भाच्याला तुम्ही असं एकदाही बोलला नाहीत. मला वाटायचं, तो लाडका म्हणून.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं डोंगरात गेलो होतो. सागाची पानं गळून गेली होती आणि उघड्या फांदीवर, घुबडाच्या जातीचा असून भर उन्हात, रानपिंगळा बसला होता. दिसतो गावातल्या पिंगळ्यासारखाच, पण याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, हे तुम्हीच मला तिथल्या झाडांखाली दाखवलं होतं. तो भाच्याकडे तोंड करून बसला आणि माझ्याकडे पाठ. माझी लेन्स साधी, त्यात कॅमेरा हलला. माझा फोटो बघून भाचा म्हणाला, "भो, तुन्हा पिंगळा धुकामा बठेल शे का धुरामा?" त्याचा फोटोही मुळात लांबून काढलेला, मोठा केला की दाणेदारच दिसायचा. पण त्यानं तो एआयला दिला, साफ कर, पिसं उठून दिसू दे म्हणाला, आणि मिनिटभरात पीस न् पीस वेगळं झालं. आता तो वनखात्याच्या विश्रामगृहात मोठ्या फ्रेममध्ये लागणार आहे, खाली तुमच्या स्टुडिओचं नाव. पासपोर्ट फोटोला आलेला जीपवाला कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभाच राहिला. "हाऊ ते आते उडी जाई!" माझा फोटो शेजारच्याच खिडकीत उघडा होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

आज छपाईला पाठवण्याआधी भाचा म्हणाला, "तू फक्त नाव तपास, तुन्हं शुद्धलेखन पक्कं शे." नाव बरोबर होतं. मग सवयीनं मी फोटो मोठा करत वर गेलो, आणि डोक्यावर ठिपके. पांढरे, ठसठशीत, सगळ्या डोक्यावर. एआयनं गावातले पिंगळे पुष्कळ पाहिले असणार, म्हणून त्यानं हाही तसाच करून टाकला होता. रानपिंगळा राहिलाच नव्हता. चाचा, मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी पिऊन आलो. रानपिंगळा बघायला लांबून दुर्बिणी घेऊन येणारी माणसं त्या फ्रेमसमोर हसताना मला दिसायला लागली. "नाव बरोबर आहे", एवढंच म्हणायचं होतं.

पण फोटोखालचं ते नाव तुमचं होतं. मी विचारलं, "चाचांनी तुला तिळाचं कधी सांगितलं होतं का?"

"कसला तीळ?" तो म्हणाला. "मामूनी माले काहीच नही शिकाडं भो. लेन्स दिन्ही, संभाळ म्हने, बस. दिवसभर बोलेत ते तुलेच." तो हसला, पण बघत होता ओढणीकडे.

तो चहा सांगायला गेला तेवढ्यात मी त्याचा मूळ फोटो उघडला आणि पक्ष्याचं डोकं जसं होतं तसं परत बसवलं, दाणेदार, कोरं. तो आला, इकडून तिकडून बघितलं. "काय फरक पडना?" मी म्हटलं, काही नाही, थोडं साफ केलं. फोटो गेला. चांगला आहे, चाचा. ती लेन्स माझ्या हातात असती तरी पाठ मलाच दिसली असती.

दुकान बंद करताना त्यानं पुन्हा विचारलं, "भो, तो तीळना काय किस्सा शे?" मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि म्हटलं, असंच. हे तुम्ही वाचणार नाही, म्हणून लिहितो. लेन्स त्याची आहे. तुमचं ते रागावणं माझं आहे, आणि ते मला त्याला द्यावंसं वाटलं नाही.