चारशे पाहुण्यांची वाइन

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, तरी धाकट्या बहिणीच्या लग्नातली वाइन माझ्या मनातून जात नाही. आपल्या घरात दारूला कुणी शिवत नाही असं तुम्ही अभिमानाने सांगायचात. आणि नेमकी तुमच्यावरच चारशे पाहुण्यांसाठी वाइन निवडायची वेळ आली, कारण धाकटीने दमणचा ख्रिस्ती मुलगा पसंत केला होता.

तो आधी तुमचा झाला होता, मग तिचा. सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यात तुम्ही माग दुरुस्त करणारे मास्तर होतात. चालत्या लूमचा, यंत्रमागाचा, आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते ओळखायला तुम्ही त्याला शिकवलंत. शिकायला तर मीही आलो होतो. आठवडाभर तुमच्या मागे फिरलो आणि एका दुपारी सगळ्यांदेखत तुम्ही आपल्या अहिराणीत म्हणालात, "तुले कान नही रे. तू मार्केटमा जाय." मी कापड मार्केटमध्ये गठ्ठे बांधायला लागलो. तो मात्र दर रविवारी बमरोलीच्या आपल्या खोलीवर यायचा, तुमच्या शेजारी जेवायला बसायचा, आणि तुम्ही आपल्या ताटातलं भरीत उचलून त्याच्या ताटात घालायचात. माझ्या ताटात तुम्ही असं कधी काही घातल्याचं मला आठवत नाही. धाकटीने त्याचं नाव घेतलं तेव्हा मला वाटलं, आता तरी तुम्ही चिडाल. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "पोरगा सोना शे."

रिसेप्शन दमणला ठरलं. त्यांच्यात नवरा-नवरीसाठी सगळे मिळून वाइनचा पेला उंचावतात, हे कळल्यावर तुम्ही हट्टच धरलात की तेवढी वाइन मुलीच्या बापाकडून. सुरतेत दारूबंदी, म्हणून आपण दोघं उधन्याहून गाडीने वापीला आणि तिथून रिक्षाने दमणला गेलो. अजून दिसतं मला. तुम्ही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दुकानात उभे आहात, बाटल्यांना हातही लावत नाही. "चारशे माणसं आहेत शेठ, परवडेल अशी द्या, पण चांगली द्या," असं दुकानदाराला सांगता. तो दोन बाटल्या उघडतो, दोन्हींचा भाव सारखाच. तुम्ही माझ्याकडे न बघता हळूच म्हणता, "तू लेस, माले माहीत शे. चाखीसन सांग."

मी पितो हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही कधी हात उगारला नव्हता. पहिल्या पेल्यातली वाइन इतकी आंबट होती की दात आंबले. दुसरी मऊ होती, किंचित गोडसर, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आवडेल अशी. तुम्ही विचारलंत, "कोणती?" आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्या पारखीवर काही सोपवलं होतं, तेही त्याच्या लग्नासाठी. मी पहिल्या बाटलीवर बोट ठेवलं.

रिसेप्शनला चर्चच्या अंगणात सगळ्यांनी पेले उचलले. पहिल्या घोटालाच त्याच्या मामाने तोंड वाकडं केलं आणि पेला टेबलावर ठेवला. मागून कुणीतरी गुजरातीत म्हणालं, "आ तो सरको छे!" व्हिनेगर आहे म्हणे. बायका हसल्या. तुम्ही नव्या कोटात, हात जोडल्यासारखे करून उभे होतात, चेहरा पार उतरलेला. मला हेच हवं होतं, आबा, आणि तरी तुमच्याकडे बघवेना. तेवढ्यात तो पुढे झाला. आपला पेला एका दमात रिकामा केला, मामाने ठेवलेलाही उचलून प्यायला आणि मोठ्याने म्हणाला, "मेरे बाप ने लाया है. मेरे को और दो." मग एकेकाने पेले पुन्हा उचलले. तुम्ही त्याच्याकडे जसं बघितलंत, तसं माझ्याकडे बघावं म्हणून मी काय केलं नसतं!

परतताना गाडी वलसाडला थांबली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मनी चूक व्हयनी. बापनी पोऱ्याले असं चाखाले लावानं नही." चूक तुम्ही स्वतःकडे घेतलीत आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेव्हा खरं सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही रागावला असता, कदाचित हसलाही असता. तुम्ही गेलात तेव्हा पुढचा खांदा त्याने दिला, त्याच्या शेजारी मी होतो. तो अजून दिवाळीला येतो, त्या वाइनची गोष्ट माझ्या मुलांना रंगवून सांगतो, आणि "तुमचे आजोबा" म्हणताना त्याचे डोळे भरून येतात.

हे कागद मी कपाटात ठेवणार आहे. धाकटीला दाखवायची माझी हिंमत नाही. खरं तर तुमची माफी मागायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता कळलं की वाइन आंबट निघाली याचं मला अजूनही तितकं वाईट वाटत नाही. ती त्याने पिऊन टाकली, याचं वाटतं.