बाबांना कुठवर पोचवलं?

आईला खामपाईचा पाया पडून नमस्कार.

आपल्या मूळ गावी, मुअंग थेंगला सुखरूप पोचले. इथला चिकट भात अगदी तुझ्या हातचा लागतो. गुडघा कसा आहे?

बाबा गेले तेव्हा आपल्या भगतानं वाटेतल्या गावन्‌गावाचं नाव घेत त्यांच्या आत्म्याला पूर्वजांकडे, इथेच आणून सोडलं होतं ना? इथल्या म्हाताऱ्या भगताला ते सांगितलं, तर खो खो हसला. "अगं पोरी, आम्हीही बाहेरूनच आलोय. आमचे मेलेले इथे नुसतं पाणी पितात आणि पुढे उत्तरेला जातात."

"उत्तरेला कुठे?"

"कुणी चीन म्हणतं, कुणी आणखी कुठलं. भांडणं आहेत त्यावरून."

वेशीवर बाबांसाठी भात ठेवला, हाका मारल्या. कोंबड्यांनी खाल्ला.

तू सारखी म्हणतेस, मी गेले की मला त्यांच्याजवळच पाठव. कुठे गं पाठवू, आई?

तुझीच,
खामपाई