निवाऱ्याला शंभरपैकी ब्याऐंशी

तीर्थरूप ताई,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (डाव्याला जरा जास्त) माझा नमस्कार. तेल रोज चोळतेस असं तू लिहिलंस, त्यावर माझा विश्वास नाही, पण मोठ्या बहिणीला खोटं पाडू नये म्हणून सोडून देतो. भाऊजींचा खोकला आणि खोकल्यावरचं त्यांचं व्याख्यान, यांपैकी एक तरी कमी झालं असेल अशी आशा आहे. मी खणखणीत आहे. हे पत्र काही काम काढून लिहिलेलं नाही, हे आधीच सांगतो, कारण माझं पत्र हातात पडलं की तू शेवटचं पान आधी वाचतेस. या वेळी कृपा करून क्रमाने वाच.

बातमी अशी, की नगरपालिकेने बेघरांच्या निवाऱ्याचं काम कसं चाललंय ते तपासायला माझी नेमणूक केली. योग्यच केलं. बत्तीस वर्षं शाळा तपासलेल्या माणसाला बारा खाटांचा निवारा म्हणजे डाव्या हातचा मळ. त्यांनी अठ्ठावीस प्रश्नांचा तक्ता दिला होता. मी त्यात नऊ प्रश्नांची भर घातली, कारण दुसऱ्याने केलेल्या तक्त्यावर माझं मन बसत नाही (हे तुला सांगायला नको, तुझ्या किराणा सामानाची यादीसुद्धा मी सुधारून लिहीत असे).

निवारा एका जुन्या वाचनालयाच्या तळमजल्यावर आहे. मी सकाळी अकराला पोचलो. दारातच टेबल टाकून तिथल्या अधीक्षक बाई बसलेल्या. आत पाऊल टाकणाऱ्याची नोंद झालीच पाहिजे असा नियम आहे आणि वही एकच आहे. मी म्हटलं, मी तपासायला आलोय. बाई म्हणाल्या, "इथे येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगतोच. लिहा." मी शिस्तीचा माणूस, लिहिलं. वय बासष्ट. सोबतचं सामान, एक छत्री व एक फाईल. 'स्वभाव' हा रकाना त्यांनी स्वतः भरला आणि वर हात ठेवला. निघताना पुन्हा सही घेतली. 'कुठे जाणार' या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'स्वतःच्या घरी'.

स्वच्छतेला मी वीसपैकी वीस दिले. चादरींवर एक सुरकुती नव्हती. (बारापैकी आठ खाटांवर कोणी झोपतच नसेल तर सुरकुती पडणार कुठून, हे मला नंतर सुचलं. तक्त्यात सदतीस प्रश्न होते, पण हा नव्हता.) मग दोन दिवसांनी कार्यालयाने घरी पाठवलेली आकड्यांची माहिती बघितली. त्यात 'निवाऱ्यातून बाहेर पडून स्वतःच्या घरी स्थिरावलेले' या ओळीसमोर एक असा आकडा होता. वर्षभरात एक का होईना, माणूस मार्गी लागला म्हणून मला भरून आलं आणि मी पंधरापैकी पंधरा देऊन टाकले. एकूण ब्याऐंशी.

आता छत्रीची गोष्ट. त्याच इमारतीच्या बाहेरच्या जिन्याखाली एक शिंपीमास्तर मशीन घेऊन बसतात. माझ्या छत्रीचं कापड काडीपासून सुटलं होतं, ते शिवून घ्यायला त्या दिवशी निवाऱ्यातून निघताना थांबलो. सत्तरीचा माणूस, पाठ मशीनवर वाकून वाकून तशीच राहिलेली, पण टाका असा की आपण शोधत बसावं. बोलता बोलता कळलं, की त्यांची खोली रस्तारुंदीत गेली आणि आठ महिने ते या जिन्याखालीच झोपतात. फरशीचा गारवा पाठीत शिरतो, सकाळी उठून सरळ व्हायला तासभर लागतो, आणि थंडी तर अजून यायची आहे. मी म्हटलं, अहो, बारा पावलांवर आठ खाटा रिकाम्या आहेत. तर म्हणाले, "मी बेघरांत नाही साहेब. मी दुकानांत आहे."

म्हणजे काय ते ऐक. बेघर किती याची पाहणी कार्यालयाच्या वेळेत होते, अकरा ते चार. (ज्याला घर नाही त्याला कामही नसणार, हा त्यामागचा विचार.) पाहणीवाले आले तेव्हा मास्तरांची वळकटी बांधलेली, केस विंचरलेले, मशीन सुरू. त्यांनी लिहिलं, 'शिवणकामाचं दुकान, चालू स्थितीत.' मास्तर नोंद बदलून घ्यायला गेले तर उत्तर मिळालं, की आधी दुकान बंद करा आणि मग तीन पाहण्यांना दिवसा झोपलेले आढळा. मास्तर म्हणाले, "दिवसा झोपलो तर लोकांचे कपडे कोण देणार?" तक्रारीचा सूर नव्हता, खरंच विचारत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आठ दिवसांत तुम्हाला खाट मिळवून देतो. मी शब्द दिला, ताई. तुला माझा शब्द माहीत आहे.

आठव्या दिवशी बैठक. मी अहवाल उभा राहून वाचला. त्या एका स्थिरावलेल्या माणसाचा भाग तर मी आवाज जरा खाली आणून वाचला. कार्यालयाने त्याची माहिती जोडली होती, ती मी तिथेच पहिल्यांदा पाहत होतो. 'वय बासष्ट. निवाऱ्यात वास्तव्य पन्नास मिनिटं. अल्पावधीत आत्मविश्वास परत आला. सोबत एक छत्री व एक फाईल. स्वभाव किरकिरा.' छत्रीपाशी माझा आवाज अडखळला. सभागृहाला वाटलं मी गहिवरलो. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर मी स्पष्ट सांगितलं, की हा माणूस मी आहे, मला एकोणतीस वर्षं स्वतःचं घर आहे, आणि तुम्ही मला मार्गी लावलेलं नाही. मुख्याधिकारी शांतपणे म्हणाले, "पण नोंद आहे." ती खोडली तर यश शून्य होतं आणि निवाराच बंद करावा लागतो, मग चौघांच्या खाटाही जातील. मी म्हटलं, बरं, राहू द्या मला यशस्वी, पण मास्तरांना एक खाट द्या. तर यादी आता पुढच्या वर्षीच उघडते म्हणे. मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथे पंधरा गुण कापले. सदुसष्ट. मग बाहेर येऊन जिन्याखाली मास्तरांसमोर उभा राहिलो आणि उगाच छत्री उघडून मिटली. तेच म्हणाले, "छत्री गळते का अजून?"

तरी मी हरलो असं समजू नकोस. असो. तब्येतीला जप, भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा
(किरकिरा नसलेला)

ता. क. तुझी मागची खोली रिकामीच आहे ना? आई गेल्यावर मला तू ज्या खोलीत ठेवून घेतलंस, ती. माझ्या दोन ट्रंका कॉटखाली सरकव. खिडकीजवळची जागा मशीनला लागेल, उजेड डावीकडून हवा. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, मास्तरांच्या पाठीला तो जिना झेपायचा नाही. तुझ्याकडे फुकट राहायला मात्र ते तयार नव्हते. मी सांगितलं, की तुझ्या घरातल्या सगळ्या पडद्यांची शिवण उसवली आहे आणि भाऊजींची एकही पँट त्यांना कमरेत बसत नाही. यातलं निदान दुसरं तरी खरं असणार.

ता. क. दोन. निघताना मास्तर पाणी प्यायला पाच मिनिटं निवाऱ्यात गेले. बाईंनी वही पुढे केली. 'कुठे जाणार' याला काय लिहू, असं मास्तरांनी मला विचारलं. मी म्हटलं, ताईकडे. त्यामुळे निवाऱ्याचं यश आता दोन झालं आहे, आणि प्रगती दुप्पट झाल्याने गुण वाढवून मिळावेत असं कार्यालयाचं पत्र येणारच. मी वाढवणार नाही.

ता. क. तीन. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र घेऊन आलेले ते मास्तरच. भिडस्त माणूस आहे, सांगितल्याशिवाय बसायचा नाही, आणि मी तुला सगळं क्रमाने वाचायला सांगितलं. म्हणजे अजून दारातच उभे असतील. त्यांना आधी आत घे.